संशयाचा फायदा

जालन्याच्या कोर्टात आमच्या नक्कल विभागाची खिडकी फार खाली होती. ती तशी कोणी आणि का ठेवली होती ठाऊक नाही, पण बाहेरच्या माणसाला आतल्या कारकुनाशी बोलायचं तर कमरेत वाकावं लागे. पक्षकार वाकत, वकिलांचे मुन्शी वाकत, एकदा तर एक फौजदारही वाकलेला मी पाहिला. साळवे गुरुजी वाकत नसत. ते ताठ उभे राहत आणि अर्ज तेवढा आत सरकवत. त्यामुळे सुरुवातीला मला त्यांचा चेहराच माहीत नव्हता. घरी धुतलेला, इस्त्री न फिरलेला पांढरा सदरा, खिशाला लावलेलं पेन आणि वरून येणारा शांत आवाज, एवढेच माझे गुरुजी. शेवटी मीच एकदा खुर्ची मागे ढकलली आणि मान वाकडी करून वर पाहिलं. चाळिशी ओलांडलेला, गालफडं बसलेला, जाड काचांचा चष्मा लावलेला माणूस माझ्याकडे खाली बघत होता.

"भाऊसाहेब, माझ्या निकालाची नक्कल हवी आहे," ते म्हणाले. "मी त्यातला आरोपी."

'आरोपी' हा शब्द माणसं आमच्या खिडकीशी कुजबुजून उच्चारत. गुरुजींनी तो शाळेत हजेरी घेताना नाव घ्यावं तसा घेतला.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता. जिल्हा कोर्ट औरंगाबादला, हायकोर्ट थेट मुंबईला, आणि आमच्याकडे तालुक्याचं दिवाणी न्यायालय आणि मॅजिस्ट्रेटचं कोर्ट. मिसलींची, एकेका खटल्याच्या कागदांची, लाल फडक्यात बांधलेली गाठोडी छतापर्यंत गेलेली असत. कोणती मिसल कुठे आहे हे शोधण्यात आमचा दिवस जाई, आणि सापडली की ती टाइप करण्यात दुसरा. टाइप झाल्यावर रुजुवात, म्हणजे एकानं मूळ कागद वाचायचा आणि दुसऱ्यानं नक्कल ताडून पाहायची. मग शिक्का, मग सही, मग 'खरी नक्कल'. मी टायपिस्ट होतो. दुसऱ्यांची भांडणं दिवसभर बोटांतून जाऊ द्यायची आणि संध्याकाळी पाठ धरून घरी जायचं, अशी माझी नोकरी.

गुरुजींची केस बहात्तरच्या दुष्काळातली. जाफराबादच्या वाटेवर एका लहानशा गावात ते शाळामास्तर होते. दुष्काळात पोरांना वाटायचा गोड, कोरडा खाऊ म्हणजे सुकडी, ती पोत्यांनी येई आणि शाळेच्याच एका खोलीत ठेवली जाई. त्या खोलीची किल्ली गुरुजींच्या हाती दिली, तेव्हाच गावातल्या काही जणांना ते रुचलं नव्हतं. गुरुजी बौद्ध. ज्या हातांनी आजवर गावकीची कामं केली, त्याच हातांत गावाच्या अन्नाची किल्ली, हे बोलून न दाखवता खुपणारं होतं. एका सकाळी काही पोती कमी भरली. गावानं पंचनामा केला, पोलीस आले आणि गुरुजींवर सरकारी मालाच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला. शाळेतून निलंबित झाले. पुढं वर्षं गेली ती पेशीच्या तारखांत. शेवटी ते सुटले. पोती कोणी नेली ते कोर्टातही निघालं नाही.

नक्कल तयार झाली त्या दिवशी गुरुजी सकाळपासून व्हरांड्यात बसून होते. निकाल इंग्रजीत होता. त्यांनी तो हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "शेवटचा परिच्छेद मराठीत सांगता का?"

मी सांगितला. आरोपीविरुद्धचा गुन्हा निःसंशयपणे शाबीत होत नाही, सबब त्याला संशयाचा फायदा देऊन मुक्त करण्यात येत आहे.

"आणि निर्दोष? निर्दोष हा शब्द कुठे आहे?"

"मुक्त केलंय ना, गुरुजी. म्हणजे तेच."

"तेच नाही." त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "संशय कोणाला आला? कोर्टाला. कोणावर? माझ्यावर. आणि त्याचा फायदाही मलाच. म्हणजे संशय माझ्याच नावावर राहिला. व्याकरण बघा तुम्ही वाक्याचं."

मी त्या वाक्याची नक्कल तोवर किती जणांना टाइप करून दिली असेल. लोक 'सुटलो' म्हणत आणि पेढे घेऊन येत. वाक्याचं व्याकरण बघणारा हा पहिलाच माणूस.

व्याकरण हा त्यांचा स्वभावच होता. कोर्टाच्या फळ्यावर रोज 'तहकुब' लिहिलेलं असे. आमच्याकडे सर्वांत जास्त वापरला जाणारा तोच शब्द. साहेब रजेवर, साक्षीदार गैरहजर, वकील दुसऱ्या कोर्टात, कारण काहीही असो, काम तहकूब. गुरुजी एकदा फळ्याजवळ थांबले, खिशातून खडू काढला आणि ऱ्हस्व उकार पुसून दीर्घ केला. आमच्या कचेरीचे प्रमुख शिरस्तेदार भडकले. कोर्टाच्या फळ्याला हात लावायचा नसतो, म्हणाले. गुरुजी म्हणाले, "हात लावला नाही, उकार लावला." शिरस्तेदार तडक आत निघून गेले. मात्र पुढे कित्येक दिवस 'तहकूब' बरोबर लिहिलं जात होतं.

दुपारी ते व्हरांड्याच्या टोकाला बसून भाकरी खात. खाऊन झालं की जिथं बसले ती जागा ओल्या फडक्यानं पुसत. शिपाई म्हणे, राहू द्या, आम्ही झाडतो. ते ऐकत नसत. बोलणं त्यांचं पुस्तकी, शुद्ध. पण दिवस चढला, बसून बसून कंबर दुखायला लागली, की हळूहळू गावाकडची बोली वर येई. मला त्यावरून कळायचं की आता गुरुजी थकले.

ते मॅजिस्ट्रेटसाहेबांनाही भेटले. कोर्टाचं काम आटोपलं होतं. साहेब उठायच्या बेतात होते. मी एका मिसलीवर सही घ्यायला गेलो होतो, म्हणून ते बोलणं माझ्या कानावर पडलं. गुरुजींनी हात न जोडता नुसतं 'नमस्कार' म्हटलं आणि विचारलं, "साहेब, या निकालातले तीन शब्द काढता येतील का?"

साहेब चांगले होते. थकलेले होते, पण चांगले. ते म्हणाले, "मी सही केली त्याच क्षणी तो कागद माझ्या हातून गेला, गुरुजी. आता त्यातला काना-मात्राही मला बदलता येत नाही. कायदाच तसा आहे."

"पाटीवर माझं चुकलं तर मी पुसून पुन्हा लिहितो."

"तुमच्याकडे पाटी आहे. माझ्याकडे कागद."

गुरुजींनी मान डोलावली. मग म्हणाले, "साहेबांना काय वाटतं? मी नेली असतील पोती?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "मला काय वाटतं ते मी लिहीत नसतो. पुराव्यात जेवढं आलं तेवढंच लिहितो. दुसरी किल्ली होती, हे पुराव्यात आलं. तेवढ्यावर तुम्ही सुटलात. हायकोर्टात अर्ज करून शेरा काढून घेता येतो, पण मुंबईला जावं लागेल, वकील द्यावा लागेल. आणि कोर्ट म्हणेल, सुटला आहात, मग तक्रार कशाची?"

"तेच तर कोणाला सांगता येईना," गुरुजी म्हणाले आणि निघाले.

औरंगाबादला जाऊन तिथल्या एका मोठ्या वकिलांनाही ते विचारून आले. त्यांनीही तेच सांगितलं. शिक्षा झालेल्याला अपिलाची वाट असते. सुटलेल्याला सुटकेविरुद्ध कुठं जायचं?

नोकरीवर त्यांना परत घेतलं, पण खात्यानं निकालातले तेच शब्द उचलले. संशयाचा फायदा मिळाला आहे, निर्दोष ठरलेला नाही, सबब निलंबनाचा काळ सेवेत धरता येत नाही. मुख्याध्यापक व्हायची पाळी होती, ती गेली. बदली झाली कुंभार पिंपळगावला, अंबडच्याही पलीकडे. नवं गाव, कोणी ओळखीचं नाही, तेव्हा बरं झालं असं मला वाटलं होतं. चार-सहा महिन्यांनी गुरुजी आले. त्या दिवशी ते आल्या आल्याच गावाकडचं बोलत होते.

"बाजाराच्या दिवशी कोणीतरी आल्तं तिकडून. झालं. आता पोरं मागून म्हणून राह्यली, सुकडी गुरुजी, सुकडी गुरुजी." ते भिंतीला टेकून बसले. मी त्यांना भिंतीला टेकलेलं प्रथमच पाहत होतो. "पोरांचा राग न्हाई येत, भाऊसाहेब. त्यांना काय, नाव गोड वाटतं. खायची गोष्ट हाय ती."

मी त्यांना पाणी दिलं. प्यायले. मग खिशातून अर्ज काढला. या खेपेला त्यांना साक्षीदाराच्या जबानीची नक्कल हवी होती. किसन नावाच्या शाळेच्या शिपायाची.

"मी कोर्टात उभा होतो तेव्हा ऐकलीय मी ती," ते म्हणाले. "पण गावानं न्हाई ऐकली. गावातला एक माणूस आल्ता का कोर्टात? कोर्ट उघडं असतंय, कोणीही येऊन बसावं. कोणी न्हाई आलं. मंग मीच नेतो कोर्ट गावात. माझ्या जुन्या गावात, चावडीपुढं, खऱ्या शिक्क्याचा कागद वाचून दाखवतो. मंग बघू."

ती जबानी मीच टाइप केली. किसन जातीनं धनगर. दुष्काळात मेंढरं विकून टाकली होती, शाळेत शिपाई म्हणून लागला होता. सरतपासात त्यानं सांगितलं होतं की आरोपीला पोती नेताना मी पाहिलं नाही. उलटतपासात वकिलानं त्याला खोदून विचारलं होतं आणि त्यानं कबूल केलं होतं: खोलीची दुसरी किल्ली माझ्याजवळ राहत असे, हे म्हणणे खरे आहे. मी कधी कधी धोतराच्या सोग्यात सुकडी बांधून घरी नेत असे, हे म्हणणे खरे आहे. घरी लहान मुले होती, हे म्हणणे खरे आहे. पोती मी नेली, हे म्हणणे खोटे आहे.

रुजुवातीला माझा सहकारी हे वाचत होता. 'हे म्हणणे खरे आहे' असं तिसऱ्यांदा आलं तेव्हा तो थांबला, चष्मा पुसला आणि पुढे वाचायला लागला. 

गुरुजींनी मला बरोबर यायची गळ घातली. "तुम्ही काही बोलायचं न्हाई. फक्त कोणी म्हणलं की कागद खोटा, तर सांगायचं, आमच्या हापिसातला हाय." रविवार होता. नाही म्हणवेना, म्हणून गेलो. एसटीनं फाट्यावर उतरलो आणि तिथून चालत.

चावडीपुढं बरीच माणसं जमली होती. सरपंच होते, म्हातारी माणसं होती, बायका लांब भिंतीच्या सावलीत. किसनही होता. अगदी मागं, उकिडवा बसलेला. त्याची बायको बायकांत होती, मांडीवर एक मुलगी. गुरुजींनी कागद उघडला आणि वर्गात धडा वाचावा तसं स्वच्छ, सावकाश वाचायला सुरुवात केली. साक्षीदाराचं नाव, वय, धंदा. शपथेवर सांगतो की. मग ते वाक्य आलं, आरोपीला पोती नेताना मी पाहिले नाही. गुरुजींनी ते दोनदा वाचलं.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. सरपंच म्हणाले, "मंग? पुढं काय लिवलंय?"

गुरुजींनी पान उलटलं. पुढचं पान म्हणजे उलटतपास. त्यांनी वाचायला तोंड उघडलं आणि एकदा मान वर करून समोर पाहिलं. किसन खाली बघत होता. घोंगडीचा एक धागा ओढत होता आणि बोटाला गुंडाळत होता. त्यालाही ठाऊक होतं पुढं काय आहे.

 वारा होता, कागद फडफडत होता.

"पुढं वकिलाचे सवाल हायेत नुसते," ते म्हणाले. "तेवढंच हाय कामाचं." आणि त्यांनी कागदाची घडी घातली.

मागून एक जण म्हणाला, "ह्यानं पाह्यलं न्हाई म्हणजे नेलीच न्हाईत, असं थोडंच हाय?"

दोन-तीन जण हसले. दुसऱ्या कोणी विषय बदलला. थोड्या वेळानं माणसं उठून आपापल्या कामाला लागली. किसन कधी गेला ते मला दिसलं नाही.

फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही बसलो. बस काही येईना. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "गुरुजी, पुढचं वाचलं असतं तर सगळं मिटलं असतं. कागद सार्वजनिक आहे. तुमचा हक्क होता."

"हक्क होताच." ते रस्त्याकडे बघत होते. "पण त्याला कोर्टानं शपथ घालून विचारलं, म्हणून त्यानं खरं सांगितलं. कोणी बघितलं नव्हतं त्याला. न्हाई म्हणला असता तर कोण काय करणार होतं? खरं बोलला म्हणून मी सुटलो. आता त्याच खऱ्याची शिक्षा त्याला मी देऊ?"

मी उठून बस दिसते का ते पाहिलं.

"नाव तर कोणाच्या तरी मागं लागणारच होतं," थोड्या वेळानं ते म्हणाले. "मला सवय तरी झालीय."

त्यानंतर त्यांनी आपल्या केसचा विषय माझ्याकडे फारसा काढला नाही. पण कोर्टात येणं थांबलं नाही. सुट्टीत, कधी किरकोळ रजा टाकून, ते येत आणि व्हरांड्यात बसत. कोणी बाई वाटणीच्या दाव्याचा निकाल शोधत हिंडताना दिसली की तिला बसवून घेत. दाव्याचा नंबर आठवतो का, साल कोणतं, कोणते साहेब होते, सगळं विचारून अर्ज लिहून देत. मिसल औरंगाबादच्या रेकॉर्डला गेली असेल तर तिथं कोणाला भेटायचं तेही सांगत. त्या बदल्यात चहासुद्धा घेत नसत. मुन्शी लोकांना ते आवडत नसे आणि त्यांनी शिरस्तेदारांकडे तक्रारही केली. शिरस्तेदारांनी गुरुजींना बोलावलं, थोडं ऐकवलं आणि सोडून दिलं. 'तहकूब'पासून तेही त्यांच्या वाटेला फारसे जात नसत.

अर्ज लिहून झाला की गुरुजी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत. "खिडकीशी गेल्यावर हात जोडायचे नाहीत. मागायला चालला नाहीत तुम्ही. अर्ज द्यायचा, पावती घ्यायची, तारीख विचारायची." बाया-माणसं मान डोलवत आणि खिडकीशी येऊन हात जोडतच. मला हसू येई, आणि मग येतही नसे.

काही वर्षांनी आमच्याकडे जुन्या मिसलींची छाननी निघाली. मुदत संपलेल्या फौजदारी प्रकरणांत निकालाचा कागद ठेवायचा आणि बाकीचे कागद नष्ट करायचे, असा नियम. जबान्या, पंचनामे, अर्ज, सगळं फाडून पोत्यांत भरायचं. ते काम महिनाभर चाललं. धुळीनं आम्ही सगळेच खोकत होतो. एका दुपारी गुरुजींची मिसल माझ्या हाताखाली आली. किसनची जबानी मूळ प्रत होती, खाली त्याचा अंगठा. मी ती बाजूला ठेवली, मग पुन्हा गठ्ठ्यात घातली. नियम होता आणि मी थकलो होतो.

गुरुजी आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. म्हणालो, "निकाल तेवढा राहिला आहे. बाकी गेलं."

"किसनचं गेलं?"

"गेलं."

"माझ्याजवळची नक्कल मी मागंच चुलीत घातलीय," ते म्हणाले. "बरं झालं. लेकरं मोठी झालीत त्याची." मग नेहमीसारखे व्हरांड्यात जाऊन बसले. त्या दिवशी ते अर्ज लिहीत नव्हते. नुसते बसून होते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या हिवाळ्यात. चौथीच्या पोरांना घेऊन ते कुंभार पिंपळगावहून आले होते. शाळेची सहल. दुसऱ्या शाळांच्या सहली किल्ला नाहीतर धरण बघायला जातात, गुरुजींनी पोरांना जालन्याचं कोर्ट दाखवायला आणलं होतं. पट्टेवाला त्यांना आत सोडेना. गुरुजी त्याला शांतपणे सांगत होते की कोर्ट उघडं असतं, कोणीही बसावं. मी जाऊन मध्यस्थी केली.

पोरं मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसली. समोर एक दिवाणी दावा चालू होता. एका बाजूचे वकील आले नव्हते. साहेबांनी दुसऱ्या बाजूला काही विचारलं, त्यांनी काही सांगितलं, पुढची तारीख पडली. पुकारा झाला, दुसरं काम निघालं, तेही तहकूब झालं. अर्धी पोरं पेंगायला लागली. गुरुजी त्यांच्या शेवटी ताठ बसले होते, लक्ष देऊन ऐकत होते.

बाहेर आल्यावर ती सगळी व्हरांड्यात चपला शोधायला लागली. दोन वेण्या घातलेली एक मुलगी गुरुजींच्या जवळ येऊन म्हणाली, "गुरुजी, तुमी आल्ते का हितं आधी?"

"आल्तो."

"कशाला?"

"माझा निकाल होता."

मुलीला निकाल म्हणजे एकच ठाऊक. तिनं डोळे मोठे केले. "मंग? पास झाले का तुमी?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली वाकले आणि तिच्या चपलेचा सुटलेला पट्टा लावू लागले.

"न्हाई गं," ते म्हणाले. "वर ढकललं."

"मला बी तिसरीतून तसंच ढकललं," मुलगी म्हणाली.

गुरुजी हसले. पट्टा लागला होता. तिचा हात धरून ते उठले, बाकीच्या पोरांना त्यांनी दोन-दोनच्या रांगेत उभं केलं आणि ती सगळी रांग कोर्टाच्या फाटकातून एसटी स्टँडच्या दिशेनं गेली.